७४ मिनिटं: बाबांची की मुलींची?

रविवारी सकाळी वर्तकनगरहून उपवन तलावावर गेलात तर एक दृश्य हमखास दिसतं. बाबा आणि दोन मुली. धाकटी बोट धरून अखंड बडबडतेय, मोठी चार पावलं मागून मोबाईल बघत येतेय. तासाभराने तिघं घरी परततात. संध्याकाळी कोणी विचारलं तर बाबा सांगणार, ‘आज मुलींना तासभर वेळ दिला.’ खोटं अजिबात नाही. पण तो तास नेमका कोणाला मिळाला?

संशोधनाची तयारी करणाऱ्यांनी हा प्रश्न एका खऱ्या आकड्याला विचारून बघावा. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार १५ ते ५९ वयोगटातल्या, घरातल्यांची काळजी घेणाऱ्या पुरुषांनी त्या कामाला दिवसाला सरासरी ७४ मिनिटं दिली आणि स्त्रियांनी १४० मिनिटं. बातम्यांमध्ये याचं झटकन ‘भारतीय बाप मुलांना सव्वा तास देतो’ असं होऊन जातं. आपण असं लिहायचं नाही. का, ते बघू.

पहिली गोष्ट, ही सरासरी फक्त सहभागी पुरुषांची आहे, आणि त्या दिवशी असं काम करणारे पुरुष होते २१.४ टक्के. सगळ्या पुरुषांवर वाटली तर ७४ ची साधारण १६ मिनिटं होतात. सरासरी दिसली की आधी छेद तपासा.

दुसरी गोष्ट, ‘घरातल्यांची काळजी’ यात मुलांसोबत आजारी आजीही येते. मुलांना भरवणं, अभ्यास घेणं, त्यांच्याशी बोलणं, खेळणं यांना वर्गीकरणात वेगवेगळे कोड आहेत, पण मथळ्यातल्या आकड्यात ते सगळे एकत्र मिसळतात.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. या सर्वेक्षणात पहाटे चार ते दुसऱ्या दिवशी पहाटे चार असा दिवस अर्ध्या-अर्ध्या तासाच्या तुकड्यांत नोंदवतात. काय केलं, घरात की बाहेर, मोबदला मिळाला का, हे विचारतात. ‘सोबत कोण होतं?’ हा रकाना मात्र नाही. अमेरिकेच्या वेळ-वापर सर्वेक्षणात तो आहे. म्हणजे आपल्या डेटात उपवनवरची धाकटी आणि मोठी वेगळ्या दिसूच शकत नाहीत.

मग मुलींच्या वाट्याला किती येतं, हे कळणारच नाही का? इथे बार्सेलोस, कार्व्हालो आणि लेरास-म्युनी यांचा २०१४ चा पेपर जरूर वाचा. त्यांनी ओळखलेली अडचण अशी: मुलगा होईपर्यंत थांबायचं नाही, असं जिथे चालतं तिथे मुली मोठ्या कुटुंबांत जास्त सापडतात. मग मुलीला कमी वेळ मिळतो तो ती मुलगी आहे म्हणून, की घरात भावंडं जास्त आहेत म्हणून? साध्या तुलनेत हे दोन्ही गुंततं. त्यांनी धाकटं मूल अगदीच लहान असलेली कुटुंबं घेतली, म्हणजे पुढचं मूल व्हायला अजून वेळच मिळालेला नाही अशी. तरीही मुलग्यांना संगोपनाचा वेळ लक्षणीयरीत्या जास्त मिळताना दिसला.

पद्धत म्हणून हे काम मला फार आवडतं. पण मर्यादाही नोंदवा. वेळेचा डेटा १९९८-९९ च्या पथदर्शी सर्वेक्षणातला, सहा राज्यांचा, आणि त्यात महाराष्ट्र नव्हता. शिवाय प्रश्न तान्ह्या बाळांच्या संगोपनाचा होता. बारा वर्षांच्या मुलीशी बाबा एकटे बसून बोलतात का, याचं उत्तर त्यात शोधायला गेलात तर तो लेखकांवर अन्याय होईल.

बापाचा सहभाग म्हणजे काय, यावर मायकेल लॅम्ब, जोसेफ प्लेक आणि सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात तीन भाग मांडले: प्रत्यक्ष सहभाग, उपलब्धता आणि जबाबदारी. चौकट उपयोगी आहे. वर्तकनगरचा बाप सकाळी ठाणे स्टेशनला जाताना मुलीला स्कूटरवरून क्लासला सोडतो. तो सांगताना ‘कामावर गेलो’ एवढंच सांगेल. मुलीला मात्र गप्पा मारायला तीच दहा मिनिटं मिळत असतील. पण या चौकटीचं माप बापाचं आहे. तो किती करतो, एवढंच ती विचारते.

माझ्या प्रश्नावलीच्या पहिल्या मसुद्यात मीही हीच चूक केली होती. ‘आठवड्यात मुलींसोबत किती वेळ घालवता?’ एकच प्रश्न, तोही फक्त बाबांना, आणि ‘मुलींसोबत’ असा अनेकवचनी. दोन मुलींची एक बेरीज करून मोकळी झाले. मी स्वतः दोघींतली मोठी असूनही हे माझ्या लक्षात आलं नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की एकक बदला. ‘बाप’ मोजू नका, ‘बाप आणि ही मुलगी’ अशी जोडी मोजा. दोन मुली असतील तर दोन ओळी भरा. प्रत्येक ओळीत विचारा: दोघंच कधी होता, काय करत होता, ठरवलं कोणी? आणि हेच प्रश्न मुलीलाही विचारा. तिच्याशी बोलण्यासाठी आधी पालकांची संमती घ्या, मग तिची. आणि तिची उत्तरं घरात कोणाला दाखवू नका. दोघांची उत्तरं जुळली नाहीत तर एकाला खोटं ठरवायची घाई नको. बाबांचा तास आणि मुलीची दहा मिनिटं यांत जे अंतर पडतं, तोच तुमचा अभ्यासविषय.

हे का महत्त्वाचं? बेरीज केली की बाबा चांगले दिसतात आणि चार पावलं मागे चालणारी मोठी दिसेनाशी होते. तलावाकाठी तिच्याकडे बघायचं राहिलं तर ते एका बापाचं राहून जाणं. प्रश्नावलीतच तिला ओळ नसेल, तर ती चूक आपली.