साहसनायकाचा वारस

नायक म्हातारा होतो, ही गोष्ट रंगभूमीने फार पूर्वीच पत्करलेली आहे; चित्रपटाच्या मात्र ती अजून अंगवळणी पडलेली नाही. रंगभूमीवरील भूमिका नटाच्या आधीही असते आणि त्याच्यानंतरही उरते. चित्रपटातील साहसवीर बहुधा एकाच चेहऱ्याशी, एकाच चालीशी, टोपी तिरकी घालण्याच्या एकाच लकबीशी असा जखडला जातो की, तो चेहरा सुरकुतला म्हणजे साहसच थकले असे प्रेक्षकांस वाटू लागते. मग निर्मात्यांपुढे प्रश्न उभा राहतो : हा लोकप्रिय नायक आता कोणा तरुणाच्या हाती सोपवावा, आणि सोपवावा तरी कसा? गेल्या काही वर्षांत हा प्रश्न हॉलिवुडपासून पुण्यापर्यंत, आणि आमच्या या कावेरीकाठीही पडलेला आहे. त्याची कोणती उत्तरे दिली गेली आणि त्यांत आम्हां परप्रांतीय मराठी माणसांच्या हिताचे काय आहे, याचा थोडा विचार येथे करावयाचा आहे.

केंद्र सरकारच्या कचेरीत कारकुनी करणाऱ्या आमच्यासारख्यांस ‘चार्ज’ देणे-घेणे परिचयाचे असते. खुर्ची सोडणारा कोणत्या फाइली, कोणत्या किल्ल्या, कोणती अपुरी कामे पुढच्याच्या स्वाधीन करतो याची यादी होते आणि तिच्याखाली दोघांच्या सह्या पडतात. पद्धत रुक्ष खरी. पण तिच्यात एक शहाणपण आहे. आपण नेमके काय देत आहोत, हे देणाऱ्यास आधी ठरवावे लागते. चित्रपटातील नायकाचा वारसा बहुतेक वेळा याच जागी अडखळतो.

इंडियाना जोन्स या पुराणवस्तुसंशोधकाचेच पाहावे. त्याचा पहिला चित्रपट १९८१ सालचा. १९८९ च्या तिसऱ्या चित्रपटाच्या आरंभी कुमारवयातील जोन्स दाखविला आहे. त्याच्या धाडसावर खूश होऊन एक परका साहसी माणूस आपली टोपी त्याच्या डोक्यावर ठेवतो. म्हणजे ती जगप्रसिद्ध टोपी मुळात दुसऱ्याने दिलेली! पुढे २००८ च्या चौथ्या चित्रपटात शाया लबफ हा तरुण नट जोन्सचा मुलगा म्हणून आला. अखेरच्या लग्नप्रसंगी वाऱ्याने उडालेली टोपी त्याच्या पायाशी येते, तो ती उचलून डोक्यावर ठेवणार इतक्यात बाप ती काढून घेतो आणि स्वतः घालून चालू लागतो. प्रेक्षक हसले, सुखावले. २०२३ च्या पाचव्या चित्रपटात तो मुलगा युद्धात मारला गेल्याचे कळते, ऐंशी वर्षांचे हॅरिसन फोर्ड स्वतःच पुन्हा उभे राहतात आणि आरंभीच्या प्रसंगासाठी यंत्राच्या साहाय्याने त्यांचा चेहरा तरुण केला जातो. स्वतः दुसऱ्याकडून टोपी घेणाऱ्या नायकास ती तिसऱ्यास देणे मात्र जमले नाही. त्याचा दोष केवळ निर्मात्यांकडे जात नाही. त्या हसण्यात प्रेक्षकांचाही वाटा होता.

असाच प्रकार आमच्या दाराशीही घडला आहे. एम. जी. रामचंद्रन यांच्या बालपणाची काही वर्षे कुंभकोणमात गेली. येथूनच ते अगदी लहान वयात नाटक कंपनीत शिरले. १९६५ च्या ‘आयिरत्तिल ओरुवन’मध्ये गुलाम म्हणून विकला गेलेला आणि पुढे समुद्रावर लढणारा वैद्य त्यांनी रंगविला, २०१४ साली त्या चित्रपटाची नव्याने उजळलेली प्रत लागली, तेव्हाही लोक पुन्हा चित्रगृहांत गेले. १९७३ साली आलेल्या ‘उलगम सुट्रुम वालिबन’ या नावाचा अर्थ ‘जगभर फिरणारा तरुण’. त्या वेळी हा तरुण छप्पन्न वर्षांचा होता! त्यात शास्त्रज्ञही तेच आणि त्याचा शोध घेणारा भाऊही तेच. दुसऱ्या कोणाला द्यावयाची भूमिकासुद्धा त्यांनी स्वतःकडेच ठेवली. त्या भावाचे पुढील साहस आफ्रिकेत घडावयाचे होते. ते झाले नाही. त्यांच्या जन्मशताब्दीनंतर, २०१८ साली, तोच विषय संगणकावर रेखाटलेल्या रामचंद्रनांना घेऊन करण्याचे जाहीर झाले. मृत्यूनंतर तीस वर्षांनीही वारस म्हणून त्यांचेच चित्र सुचावे, याहून बोलके उदाहरण कोणते हवे?

परंतु याच नटाच्या इतिहासात दुसरी एक कथा आहे, आणि ती आम्हांस अधिक उद्बोधक वाटते. कल्की यांची ‘पोन्नियिन सेल्वन’ ही कादंबरी १९५० ते १९५४ या काळात त्यांच्याच साप्ताहिकातून क्रमशः आली. तिचा अवखळ घोडेस्वार वंदियदेवन कुडंदैच्या, म्हणजे आमच्या या कुंभकोणमच्या, एका ज्योतिष्याच्या घरी येतो आणि राजकन्या कुंदवै तेथे त्याच्या दृष्टीस पडते. १९५८ साली रामचंद्रनांनी या कादंबरीवर चित्रपट काढण्याचे जाहीर केले होते. निर्मिती, दिग्दर्शन आणि अभिनय सारे स्वतः करावयाचे होते. अपघात आड आला आणि बेत राहून गेला. चौसष्ट वर्षांनी, २०२२ साली, मणिरत्नम यांनी तो चित्रपट पडद्यावर आणला आणि कार्ती या नटाने वंदियदेवन केला. रामचंद्रनांच्या जागी हा कोण, असे येथे कोणी फारसे म्हटले नाही. वंदियदेवन कल्कींच्या पुस्तकासारखा झाला आहे की नाही, एवढाच वाद रंगला. याच कार्तीने २०१० साली ‘आयिरत्तिल ओरुवन’ हेच नाव घेतलेल्या एका वेगळ्या चित्रपटात काम केले, तेव्हा जुन्या चित्रपटाशी तुलना टळली नव्हती. नट एकच, पण एका ठिकाणी त्याच्या हाती चार्जची पूर्ण यादी होती, दुसऱ्या ठिकाणी केवळ दारावरची पाटी.

आमच्याच जिल्ह्यातील मेलट्टूर येथे नरसिंहजयंतीच्या सुमारास भागवतमेळ्याची नाटके होतात. मराठा राजवटीत त्यांना आश्रय मिळाला, भाषा तेलुगू, पात्रे सारी पुरुषांनी करावयाची. तेथे भूमिका घराण्यांतून पुढे चालत येतात. ‘प्रह्लादचरित्रा’तील नरसिंहाचा मुखवटा देवळात पूजिला जातो आणि त्या रात्री जो तो धारण करतो त्याने उपवास करावयाचा असतो. मुखवटा तोच राहतो, तो घालणारा बदलतो, आणि या बदलाचे दुःख कोणास होत नाही. वारसा सुखाने पुढे जावयाचा तर नटाच्या चेहऱ्याबाहेर असा एखादा मुखवटा असावा लागतो. वंदियदेवनापाशी तो कल्कींच्या पानांत होता. रामचंद्रनांच्या जगप्रवासी तरुणापाशी त्यांच्या चेहऱ्याखेरीज काही नव्हते.

आता आपल्या मराठी साहसनायकाकडे वळू. भा. रा. भागवतांचा बनेश फेणे, म्हणजेच फास्टर फेणे, हा फुरसुंगीचा मुलगा पुण्याच्या विद्याभवन शाळेत शिकतो, सायकल भरधाव हाकतो आणि काही विलक्षण दिसले की तोंडाने ‘ट्टॉक’ असा आवाज काढतो. अंगाने काटकुळा, पण कुतूहल अचाट. मोठी माणसे ‘तुला काय करायचंय’ म्हणून ज्या ठिकाणाहून त्याला हुसकतील, नेमका तेथेच तो शिरतो. त्याच्या चार्जची यादी करावयाची तर सायकल, ‘ट्टॉक’ आणि चौकडीचा सदरा या बाबी खालच्या ओळींत येतील. पहिली बाब त्याचे वय. तो लहान आहे म्हणून त्याच्यावर कोणी विश्वास ठेवीत नाही, आणि म्हणूनच त्याला धावावे लागते.

दूरदर्शनवरील १९८७ च्या मालिकेत ही पहिली बाब शाबूत होती. फेणेचे काम किशोरवयीन सुमीत राघवन याने केले. राघवन हे आडनाव वाचून आमच्या गावचा मनुष्य क्षणभर थबकेल! पण महाराष्ट्रातील मुलांस तो फुरसुंगीचाच वाटला. मुखवटा खरा असला म्हणजे घालणाऱ्याचे आडनाव कोणी विचारीत नाही.

तीस वर्षांनी, २०१७ साली, आदित्य सरपोतदार यांनी दिग्दर्शित केलेला चित्रपट आला. अमेय वाघ यांचा फेणे वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठी पुण्यास येतो. एका विद्यार्थ्याच्या मृत्यूचा माग काढता काढता परीक्षेतील काळ्या व्यवहारापर्यंत पोहोचतो. वाघ चपळ आहेत, डोळ्यांतून विचार दाखविणारे आहेत. गिरीश कुलकर्णी यांचा खलनायक तर मनात रुतून बसतो. भागवतांनाच पात्र करून दिलीप प्रभावळकरांकडून ते करविण्याची कल्पनाही कृतज्ञतेची आहे. हे सारे मान्य करून आम्हांस असे म्हणावेसे वाटते की, या चित्रपटात वारसा उलट दिशेने वाहिला. इतरत्र वृद्ध नायकासाठी तरुण शोधतात. येथे पोर असलेल्या नायकाला तरुण केले. का? तर ज्यांनी लहानपणी फेणे वाचला ते आता मोठे झाले होते, आणि आपला नायक आपल्याबरोबर मोठा व्हावा अशी त्यांची इच्छा होती. टोपी पुन्हा बापानेच डोक्यावर घातली.

यावर असे म्हटले जाईल की, मुलांच्या चित्रपटावर पैसा कोण लावणार? प्रश्न खोटा नाही. परंतु ‘एलिझाबेथ एकादशी’ हा परेश मोकाशी यांचा चित्रपट २०१४ सालचाच आहे. त्यातील नायक पंढरपूरची पोरे असून एलिझाबेथ हे त्यांच्या सायकलीचे नाव. त्या वर्षी उत्कृष्ट बालचित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिक या मराठी चित्रपटास आणि ‘काक्का मुट्टै’ या तमिळ चित्रपटास विभागून मिळाले. दोन्ही चित्रपट मुलांच्या खांद्यावर उभे आहेत, आणि ते खांदे वाकलेले नाहीत. म्हणजे शाळकरी फेणे अशक्य होता, असे म्हणता येत नाही.

हा वाद मुंबई-पुण्याच्या वाचकास कदाचित किरकोळ वाटेल. तेथील मुलाला चित्रपटातला फेणे मोठा वाटला तर त्याने कपाटातून ‘प्रतापगडावर फास्टर फेणे’ काढून वाचावे. त्याचे फारसे बिघडत नाही. आमच्याकडची गोष्ट निराळी आहे. तंजावर-कुंभकोणमकडील पुष्कळ मराठी घरांत मराठी अजून बोलली जाते. पण देवनागरी वाचता येत नाही. येथील मुलाला मराठी कळते ती कानाने. भागवतांची पुस्तके त्याच्यापुरती कुलूपबंद आहेत. त्याला फेणे भेटलाच तर तो पडद्यावरच भेटणार. आणि त्या पडद्यावर त्याच्या वयाचा कोणी नसेल, तर मराठीतील साहस ही वडिलांच्या आठवणीची बाब आहे, एवढाच बोध त्याला होईल. त्याच्या वयाचे साहस त्याला तमिळमध्ये भरपूर मिळते, आणि तो तिकडे वळला तर त्याला दोष कसा देणार?

वारसा म्हणून जे जपावयाचे ते कपाटात पूजून जपले जाते, अशी आपल्यापैकी अनेकांची समजूत आहे. मेलट्टूरची मंडळी मुखवटा पूजितात खरे. पण वर्षातून एकदा तो कोणा जिवंत माणसाच्या तोंडावर चढवितात, आणि तेव्हाच नाटक होते. फेणेचा पुढचा चित्रपट जेव्हा कोणी करील, तेव्हा तो दहा-बारा वर्षांच्या मुलाला द्यावा. मुलीला दिला तरी आमची हरकत नाही. तिचे आडनाव राघवन असो की जाधव, तिचे मराठी पुण्याचे असो की आमच्या वळणाचे, ‘ट्टॉक’ स्वच्छ वाजला म्हणजे झाले. ज्यांनी फेणे पूर्वीच वाचला आहे, त्या आम्हां मोठ्यांनी तो पाहावयास मागच्या रांगेत बसावे.