‘केन्तोशी’ : वार्धक्य, परकेपणा आणि भाषा

वृद्ध होत चाललेल्या समाजांत स्थलांतरितांच्या स्वीकाराची चर्चा बहुधा गरजेच्या भाषेत होते : काम करणारे हात अपुरे आहेत, म्हणून परक्यांना येऊ द्यावे. या युक्तिवादात परका माणूस म्हणून नव्हे, तर मनुष्यबळ म्हणून गृहीत धरला जातो. १९८२ पासून जर्मनीत राहून जपानी व जर्मन अशा दोन्ही भाषांत लिहिणाऱ्या योको तावादा यांची ‘केन्तोशी’ (२०१४) ही जपानी कादंबरी या युक्तिवादाचा पायाच काढून घेते.

कादंबरीतील जपानने एका आपत्तीनंतर जगाशी संबंध तोडले आहेत. वृद्धांना मरण येत नाही. मुले दुर्बळ जन्मतात. शंभरी ओलांडलेला लेखक योशिरो आपल्या पणतूचा, मुमेईचा सांभाळ करतो. सेवा करणारा वृद्ध आणि परावलंबी बालक अशी ही उलटापालट असल्याने ‘शुश्रूषेसाठी परके हवेत’ हे कारण येथे उरत नाही. मग परक्याच्या अभावी नेमके काय हरवते?

तावादा याचे उत्तर भाषेच्या पातळीवर देतात. परकीय शब्द वापरातून गेले आहेत. ‘जॉगिंग’ऐवजी ‘काकेओची’ हा शब्द रुळला आहे : धावल्याने रक्तदाब उतरतो, अशी त्याची फोड, मूळ अर्थ मात्र प्रेमिकांनी पळून जाणे. परकीय स्थळनामे फार झाली म्हणून योशिरो आपली ऐतिहासिक कादंबरी पुरून टाकतो. भाषाशुद्धीचे वाद ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला यातील विनोद परिचित वाटेल, आणि त्यामागील भयही. ‘केन्तोशी’ हा उच्चार प्राचीन काळी चीनच्या तांग दरबारी जाणाऱ्या जपानी दूतांचा. लिपिचिन्हे बदलून तावादांनी त्याचा अर्थ ‘दीप अर्पण करणारा दूत’ असा केला. हा श्लेष ज्या चिन्हांमुळे शक्य होतो, ती चिन्हेही चीनहूनच आलेली आहेत. परकीय काढू म्हटले तर ‘स्वकीय’ लिहिताही येणार नाही.

शब्द टाळण्याचे हे राजकारण केवळ कल्पित नाही. जपानने २०१८ मध्ये कायदा बदलून २०१९ पासून वृद्धसेवेसह अनेक क्षेत्रे परदेशी कामगारांना नव्याने खुली केली. तथापि हे ‘स्थलांतर-धोरण’ नव्हे, असे शासन सांगत राहिले. पहिल्या श्रेणीतील कामगारासाठी एकूण ५ वर्षांची मुदत ठरविण्यात आली आणि कुटुंब आणण्यास सामान्यतः मनाई करण्यात आली. ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नसते तो अतिथी, अशी आपली पारंपरिक व्युत्पत्ती. येथे जाण्याची तिथी ठरवून मगच स्वागत होते.

परका या कादंबरीत मुख्यतः शब्द आणि स्मृती यांच्या रूपाने वावरतो. येऊन स्थिरावलेल्याचा आवाज तिच्या केंद्रस्थानी नाही. ही तिची मर्यादा होय. परंतु दूत म्हणून गुप्तपणे परदेशी पाठविण्यासाठी निवड होते ती मुमेईचीच. दार बंद केलेल्या समाजाचे मूल अखेर परक्याच्या दारात उभे राहणार असते, आणि स्वीकाराचा प्रश्न आता त्याच्या वतीने विचारावा लागतो.