फासा आणि सूत्रधाराचा निवाडा

राइसविट्झ याने प्रशियाच्या सैन्यासाठी १८२४ मध्ये सिद्ध केलेल्या युद्धखेळात चकमकीचा निकाल फासे व कोष्टके यांवरून लागत असे. १८७६ मध्ये व्हेर्दी द्यु व्हेर्न्वा याने दोन्ही बाजूस सारून निर्णय अनुभवी पंचाकडे सोपविला. नियमांच्या जंजाळात खेळ रखडतो, हा त्याचा आक्षेप रास्तच होता. आजच्या भूमिकाखेळांत सूत्रधाराचा विवेक फाशाहून श्रेष्ठ मानणारे याच उदाहरणाचा आधार घेतात. परंतु तो डळमळीत आहे. व्हेर्दीच्या पंचाचा निवाडा प्रत्यक्ष युद्धाच्या कसोटीवर चूक ठरू शके. गायगॅक्स व आर्नेसन यांच्या १९७४ च्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये भुयार सूत्रधाराचे, राक्षसही त्याचेच, त्याला खोटे पाडील असे बाहेरचे वास्तवच नाही. खेळाडूंची निवड वगळल्यास त्याच्या इच्छेला न जुमानणारा असा फासाच एक उरतो. दीर्घकाळ जोपासलेले पात्र मरते तेव्हा ते सूत्रधाराच्या लहरीला बळी पडले नाही, याची साक्ष फासा देतो; अर्थात तो उघड्यावर टाकला असेल तर. गायगॅक्सने १९७९ च्या मार्गदर्शक ग्रंथात सूत्रधारास फाशाचा कौल डावलण्याची मुभा दिली. ती दयाबुद्धीने वापरली जाते हे खरे. तथापि आडपडद्यामागे बदललेल्या त्या कौलाने वाचलेल्या पात्राचे धाडस कितपत त्याचे स्वतःचे, हा प्रश्न तिच्या पुरस्कर्त्यांनी अद्याप गंभीरपणे घेतलेला दिसत नाही.