स्मार्टफोनचीं चित्रें : अस्सल व नक्कल

मानवशास्त्राच्या अभ्यासांत स्मार्टफोन हें साधन आतां सर्वमान्य होत चाललें आहे. कॅमेरा, ध्वनिमुद्रक व टिपणवही यांचें काम तें एकटें करितें. शिवाय ज्यांचा अभ्यास करावयाचा, तेच लोक आपलीं चित्रें काढून अभ्यासकाकडे पाठवूं शकतात, हा मोठाच लाभ होय. परंतु या साधनाचे पुरस्कर्ते चित्रांच्या विपुलतेचें जें कौतुक करितात, तें आम्हांस अस्थानीं वाटतें.

विपुलता कांहीं नवी नव्हे. ग्रेगरी बेटसन व मार्गारेट मीड हें दांपत्य १९३६ सालीं बाली बेटांत गेलें, तें दोन वर्षांच्या बेतानें लायका कॅमेऱ्याचीं ७५ रिळें घेऊन. एके दिवशीं पाऊण तासांतच त्यांतील तीन संपलीं! अखेर सुमारें २५,००० छायाचित्रें जमलीं. त्यांतील अवघीं ७५९ त्यांनीं १९४२ च्या 'बालिनीज कॅरेक्टर' या ग्रंथांत घेतलीं. ग्रंथाचें मोल या निवडींत आहेच, पण त्याहून अधिक टिपणांत आहे. बेटसन चित्रें घेत असतां मीडबाई वेळेसह टिपण करीत, व त्यांचे चिटणीस इ मादे कालेर बाली भाषेंत नोंद ठेवीत. काटकोनांत पाहणारें भिंग लावून कांहीं चित्रें लोकांच्या नकळत घेतल्याचेंही बेटसन लपवीत नाहींत. ही रीत कोणी गैर म्हणेल. पण ती वाचकास कळते तरी.

स्मार्टफोनही चित्राच्या फाइलींत वेळ, आणि परवानगी असल्यास स्थळ, आपोआप नोंदवितो. पत्रावरील मित्तीसारखीच ही नोंद. मात्र तेंच चित्र व्हॉट्सॲपवरून नेहमींच्या रीतीनें धाडलें कीं ही नोंद गळते व चित्रही आकसतें. अभ्यासकाच्या हातीं उरते ती मित्ती फाटलेली नक्कल, आणि तिच्यावर दिसणारी तारीख पोहोंचल्याची असते, घेतल्याची नव्हे.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. अनेक फोन एका चित्रासाठीं अनेक क्षणचित्रें एकत्र करितात, अंधार उजळतात, कांहीं तर चेहरेही गुळगुळीत करितात. दिव्याच्या उजेडांतील माजघर त्यांत दिवसासारखें लख्ख दिसतें. त्या घरांतील माणसें किती प्रकाशांत वावरत, हाच ज्याचा प्रश्न, त्यानें काय करावें? पोथीचा मजकूर सुधारून लिहिणारा हुशार लेखक अडाणी लेखकाहून किती घातक, हें आमच्या वाचकांस सांगणें नको.

चित्र 'दस्तऐवज' म्हणून पाठविल्यास फाइल मूळ रूपांत पोहोंचते. तिच्यासोबत कोणी, कोठें, कोणाच्या संमतीनें व कोणत्या फोननें चित्र घेतलें याची चिठ्ठी त्याच दिवशीं लिहिलेली असावी. चिठ्ठीवांचून आलेलीं चित्रें संग्रहांत अवश्य ठेवावीं, पण वेगळ्या रुमालांत.