चित्र आणि चित्रओळ यांची ताटातूट : वर्ड प्रोसेसरच्या रचनेवरील काही आक्षेप

शोधप्रबंधातील चित्र ही सजावट नसून पुरावा असतो, आणि तो पुरावा कशाचा हे चित्राखालील ओळ सांगते. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात गर्भगृहाकडे जाणाऱ्या द्वाराच्या एका बाजूस पद्मपाणी, तर दुसऱ्या बाजूस वज्रपाणी चितारलेला आहे. या दोन चित्रांखालील ओळींची अदलाबदल झाल्यास प्रतिमालक्षणांवर आधारलेले सारे विवेचन उलटे वाचले जाईल. सूक्ष्मदर्शकातून घेतलेल्या छायाचित्राची ओळ पुढील पानावर गेली, तर वर्धनाचे प्रमाणही तिच्यासोबत जाते आणि मागे केवळ एक अनाम ठिपका उरतो. चित्रओळ, म्हणजे रूढ भाषेत कॅप्शन, हा म्हणूनच विधानाचा भाग मानावयास हवा.

अशी ताटातूट झाली की दोष बहुधा टंकलेखकाच्या किंवा विद्यार्थ्याच्या माथी मारला जातो. प्रस्तुत लेखकाच्या मते हे निदान अपुरे आहे. निष्काळजीपणा असतो हे खरे. परंतु मूळ दोष साधनाच्या रचनेत आहे.

खिळ्यांच्या छपाईत चित्राचा ठसा आणि त्याखालील ओळीचे खिळे एकाच लोखंडी चौकटीत आवळले जात. जुळाऱ्याने चुकीची ओळ लावली तर चूक होईच. पण चौकट एकदा आवळल्यावर ओळ आपण होऊन पुढच्या पानावर सरकणे शक्य नव्हते. वर्ड प्रोसेसरने ही चौकट काढून घेतली आणि तिच्या जागी परिच्छेदांचा एक अखंड प्रवाह दिला. मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये ओळीत बसविलेले चित्र हे तत्त्वतः एका मोठ्या अक्षरासारखे असते. ‘इन्सर्ट कॅप्शन’ ही आज्ञा दिली की त्याच्या खाली वा वर एक वेगळा परिच्छेद येतो. त्या परिच्छेदाला शैली मिळते, आपोआप वाढणारा क्रमांकही मिळतो. मात्र तो कोणत्या चित्राचा आहे, याची नोंद दस्तऐवजात कोठेही होत नाही. 2008 साली आयएसओ मानक म्हणून मान्य झालेल्या डॉक्एक्स स्वरूपात चित्र व त्याची ओळ यांना एकत्र बांधणारा स्वतंत्र घटकच नाही. त्यांचे नाते केवळ शेजाराचे आहे. चित्र तरंगते ठेवले तर स्थिती आणखी बिघडते : ओळ टेक्स्ट बॉक्समध्ये जाते, चित्राचा नांगर एका परिच्छेदात तर बॉक्सचा नांगर दुसऱ्या परिच्छेदात पडू शकतो, आणि मध्ये चार ओळी वाढविल्या की दोघे आपापल्या वाटेने जातात.

मराठीत लिहिणाऱ्यांना याची झळ अधिक बसते. जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकलिखित केलेला मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित केला की अक्षरांची रुंदी आणि ओळींची उंची बदलते. फाँट नसलेल्या दुसऱ्या संगणकावर फाइल उघडली तरी तेच घडते. शंभर पानांच्या प्रबंधात पाने कोठे तुटावयाची, याचा सारा हिशेब मोडतो. एंटर दाबून दाबून पानाखाली बसविलेली ओळ मग कोठे सापडेल, याचा नेम नाही.

उपाय आहेत, पण त्यांतील एकही निर्दोष नाही. त्यातल्या त्यात बरा मार्ग असा : चित्र ओळीतच, स्वतंत्र परिच्छेदात ठेवावे आणि त्या परिच्छेदाला ‘कीप विथ नेक्स्ट’ हा गुणधर्म द्यावा, म्हणजे खालची ओळ त्याच पानावर राहते. कोष्टकाचे शीर्षक वर असते, तेथे हाच गुणधर्म शीर्षकाला द्यावा लागतो. ‘न्यू लेबल’ने ‘आकृती’ हे नामपट्टही तयार करता येते. तरंगते चित्र आणि टेक्स्ट बॉक्स यांचा गट करण्याची युक्ती लोकप्रिय आहे. तिने दोघे एकत्र राहतात, पण मजकुरापासून एकत्रच भरकटतात. एका रकान्याचे, दोन ओळींचे, रेषा नसलेले कोष्टक करून त्यात दोहोंना कोंडण्याची रीत अधिक टिकाऊ आहे. मात्र दृष्टिबाधित वाचकाच्या स्क्रीन रीडरला तेथे नसलेले कोष्टक ऐकू येते. ही किंमत आपण सहज विसरतो!

हा दोष अटळ असता, तर तक्रारीत अर्थ नव्हता. लिब्रेऑफिस रायटर हे मोफत साधन कॅप्शन देताना चित्र व ओळ दोन्ही एका चौकटीत घालते. लाटेकमध्ये चित्र आणि त्याची ओळ एकाच आवरणात लिहिली जाते. 2014 साली मान्य झालेल्या एचटीएमएल5 मध्ये चित्र आणि चित्रओळ यांच्यासाठी परस्परांत गुंफलेली दोन अंगे आहेत. तेव्हा ही कल्पना अवघड नाही. सर्वाधिक परिचित साधनाने ती आत्मसात केली नाही, एवढेच.

महाविद्यालयांचा वाटाही यात आहे. प्रबंधाच्या नियमपत्रकात समास, अक्षराचा आकार, ओळींतील अंतर यांविषयी काटेकोर सूचना असतात; चित्रओळ चित्राशी कशी बांधावी, याविषयी क्वचितच. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2009 च्या विनियमांनी पीएच. डी. प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत सादर करणे आवश्यक केले, तेव्हापासून असा दोष कपाटात बंद राहत नाही. पीडीएफमध्ये तो गोठतो आणि त्याच रूपात पुढील अभ्यासकांकडून उद्धृत होतो.

लाटेकचे उदाहरण आणखी एका सवयीकडे लक्ष वेधते. तेथे चित्र ओळीसह एकत्र राहते खरे, पण ते मजकुराच्या पुढच्या पानावर जाऊ शकते. म्हणून लेखक क्रमांकाने निर्देश करतो. आपल्या प्रबंधांत मात्र ‘खालील चित्रात दर्शविल्याप्रमाणे’ हे शब्द अद्याप सर्रास आढळतात. त्यांच्या जागी ‘आकृती 3 पाहा’ असे लिहून तो अंक ‘क्रॉस-रेफरन्स’ने जोडावा, आणि अंतिम प्रत काढण्यापूर्वी कंट्रोल-ए व एफ9 या कळांनी सर्व क्रमांक अद्ययावत करून घ्यावेत. मार्गदर्शकाने पहिल्याच प्रकरणाच्या कच्च्या खर्ड्यावर हे पाहिले, तर पुढील प्रकरणांत ते वेगळे सांगावे लागणार नाही.