नेम कोणाचा? मेदकण आणि एक फसवं रूपक

मित्रहो, आम्ही डॉक्टर नाही. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. त्यामुळे आजचा आमचा आक्षेप औषधावर नाही, औषधाबद्दल बोलल्या जाणाऱ्या भाषेवर आहे.

लिपिड नॅनोपार्टिकल म्हणजे मेदाचे साधारण १०० नॅनोमीटरचे कण. त्यांच्या पोटात औषध भरतात. त्यांना हमखास ‘नेमक्या पेशीवर सोडलेलं क्षेपणास्त्र’ म्हटलं जातं. हे रूपक जरा तपासू.

२०१८ मध्ये अमेरिकेत पॅटिसिरान या औषधाला मान्यता मिळाली. एका आनुवंशिक आजारात ट्रान्सथायरेटिन हे प्रथिन बिघडून साठतं आणि नसा निकामी होतात. पॅटिसिरानमधला आरएनए त्या प्रथिनाची निर्मिती रोखतो. उघडा आरएनए रक्तात टिकत नाही, म्हणून तो मेदकणात गुंडाळलेला असतो. पण कण यकृतात पोचतो कसा? रक्तात शिरताच त्याला आपल्याच शरीरातलं अपोलिपोप्रोटीन ई चिकटतं, आणि कोलेस्टेरॉल आणणारा नेहमीचाच पाहुणा समजून यकृताच्या पेशी त्याला आत घेतात. आत गेल्यावरही तो एका पिशवीत अडकतो. तिथली आम्लता वाढली की कणातलं लिपिड धनभारित होतं आणि पिशवीचं आवरण फाटतं. तरीही आरएनएचा फार थोडा भाग बाहेर पडतो. बाकीचा आतच नष्ट होतो.

आता सांगा, नेम कोणी धरला? ट्रान्सथायरेटिन मुख्यतः यकृतातच तयार होतं, म्हणून हे जमलं. पत्ता शरीरानं ठरवला. शास्त्रज्ञांनी त्या पत्त्यावरचा आजार निवडला. ही हुशारी मोठीच आहे, पण ती नेमबाजी नव्हे.

कोणी म्हणेल, सर, शब्दांचा एवढा कीस कशाला? अहो, ज्याचा आजार मेंदूत आहे, तो माणूसही ‘नेमकं’ हा शब्द ऐकतो आणि आशा धरतो. शिवाय हे रूपक खरा गुणही झाकतं. २०२१ मध्ये म्युकरमायकोसिसच्या साथीत आपल्याकडे नातेवाईक लायपोसोमल अँफोटेरिसिनसाठी वणवण फिरले. लायपोसोम हा या मेदकणांचा थोरला भाऊ. त्याच्या वेष्टनाचा मोठा गुण कोणता? जालीम औषधाचा मूत्रपिंडाला होणारा त्रास कमी करणं. क्षेपणास्त्राच्या भाषेत या सौम्यपणाला जागाच नाही.

म्हणून पुढच्या वेळी बातमीत ‘नेमकं’ हा शब्द आला, की एवढंच विचारू या: यकृताबाहेर किती पोचतं, आणि पोचल्यावर पेशीत किती सुटतं? उत्तर मिळेपर्यंत आशा जरूर ठेवू, पण उसनी नको.