द्वंद्व सुरू झालं की बाकीचे कुठे जातात?

टेबलटॉप रोलप्लेइंग गेमचं नियमपुस्तक मी मॉडेलसारखं वाचते. काय बदलू दिलंय आणि काय गोठवून ठेवलंय, हे आधी शोधायचं. ‘लेजंड ऑफ द फाइव्ह रिंग्ज’ (पहिली आवृत्ती १९९७) हा जपानवर बेतलेल्या काल्पनिक रोकुगान देशातल्या सामुराईंचा खेळ. त्याच्या २०१० च्या चौथ्या आवृत्तीत तलवारीचं द्वंद्व तीन टप्प्यांत होतं. समोरचा किती पाण्यात आहे ते जोखायचं, मग एकाग्र व्हायचं (पहिला वार कोणाचा ते इथे ठरतं), मग वार. दोघंच खेळत असतील तर फारच सुंदर नियम.

पण टेबलावर पाच जण आहेत, सगळ्यांची लढाई ऐन रंगात आलीय आणि एकाने शत्रूच्या सरदाराला आव्हान दिलं. आता दोघं फासे टाकणार आणि उरलेले मोबाइल बघत बसणार. नेहमीची तक्रार असते ती या कंटाळ्याची. मला तो दुय्यम वाटतो. मूळ गोची अशी की द्वंद्व आणि लढाई यांचा एकमेकांशी संबंधच नाही, असं इथे गृहीत धरलंय.

हे गृहीतक तपासायचं कशावर? प्रत्यक्ष इतिहासावर नको. असे रीतसर सामने रणांगणात कितपत होत, याबद्दल इतिहासकार साशंक आहेत. चौदाव्या शतकातल्या जखमांच्या नोंदींत तर बाणांच्याच जखमा जास्त. खेळाला नक्कल करायचीय ती युद्धकथांची, म्हणून कसोटीही तीच घेऊ. ‘हेइके मोनोगातारी’मध्ये इची-नो-तानीच्या लढाईत (११८४) कुमागाई समुद्राकडे निघालेल्या आत्सुमोरीला परत बोलावतो, खाली पाडतो आणि बघतो तर आपल्या मुलाच्या वयाचा पोरगा. त्याला सोडून द्यावंसं वाटतं. पण मागून आपलेच घोडेस्वार येताना दिसतात; आपण सोडलं तरी ते मारणारच. म्हणून तो स्वतःच मारतो. ते घोडेस्वार गोठवून टाका, गोष्टच उरत नाही!

२०१८ च्या पाचव्या आवृत्तीत चकमक चालू असतानाच आव्हान देता येतं, आणि त्यात अब्रू पणाला लागते. ही खरी सुधारणा. तरी गर्दीचं वजन जाणवतं ते द्वंद्वाच्या उंबरठ्यापर्यंत. आत शिरलं की पुन्हा दोघंच.

मी असं करून बघेन: द्वंद्वाचा एक टप्पा, मग बाकीच्यांच्या लढाईची एक फेरी, असं आलटून पालटून. साथीदारांनी फळी फोडली तर पुढच्या टप्प्यापर्यंत ते पोचतात. म्हणजे दया दाखवायला तेवढाच वेळ. यात तोटाही आहे. वार होण्याआधीची ती शांतता तुटते, आणि नवख्या गेम मास्टरची दोन्हीकडे लक्ष ठेवताना तारांबळ उडेल. पण बाकीच्या खेळाडूंना करण्यासारखं काहीतरी मिळतं. आणि एखाद्याने मदत म्हणून मधेच बाण सोडला, तर अब्रू बाण सोडणाऱ्याची कमी करायची की ज्याच्यासाठी सोडला त्याची? मी दुसऱ्याची करेन.